टीव्हीवरचा बागेचा कायापालट: प्रेक्षक वारंवार विचारतात ते प्रश्न

बागेचा कायापालट करून दाखवणाऱ्या कार्यक्रमांचा विषय निघाला की तीन शंका हमखास येतात: एवढ्या लवकर झालं कसं, एवढ्या पैशात बसलं कसं, आणि टिकणार का? त्यांच्याभोवती फिरणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दर जागोजागी वेगळे असतात, म्हणून खर्च पैशात न सांगता मापांत आणि तासांत दिला आहे. आपल्याकडचा दर लावून गुणाकार करावा.

१. टीव्हीवरचा ‘कायापालट’ म्हणजे नेमकं काय? ही तऱ्हा सुरू कुठून झाली?

एक रया गेलेली बाग, तिचा मालक, आराखडा करणारा जाणकार, कामकऱ्यांची तुकडी, ठरलेली मुदत आणि शेवटी मालकाचा चेहरा. साचा एवढाच आहे. बागकामाचे कार्यक्रम त्याच्या कितीतरी आधीपासून होते, पण त्यांत पेरणी, छाटणी, खत ही कामं ऋतूच्या चालीने दाखवली जात. ब्रिटनमध्ये बीबीसीवर १९९७ साली ‘ग्राउंड फोर्स’ सुरू झाला. ॲलन टिचमार्श, चार्ली डिमक आणि टॉमी वॉल्श ही मंडळी मालक घरी नसताना दोन दिवसांत बाग बदलून टाकत. हा कार्यक्रम २००५ पर्यंत चालला. ऑस्ट्रेलियात २००० ते २००७ या काळात ‘बॅकयार्ड ब्लिट्झ’ने तोच वेग दाखवला. २०१६ पासून बीबीसीच्या ‘गार्डन रेस्क्यू’मध्ये मालकासमोर दोन आराखडे ठेवले जातात आणि तो एक निवडतो. या फरकाचं महत्त्व प्रश्न १५ मध्ये आहे.

२. खरंच दोन दिवसांत बाग होते का?

होते, पण ते दोन दिवस आपले दोन दिवस नसतात. आठ माणसं दोन दिवस रोज दहा तास राबली तर १६० तासांचं काम होतं. तेच काम एकट्याने दर रविवारी सहा तास करायचं म्हटलं तर २७ रविवार लागतात, म्हणजे अर्धं वर्ष. शिवाय मोजमाप, आराखडा, सामानाची मागणी, रोपांची जमवाजमव ही सगळी कामं चित्रीकरणाच्या आधीच उरकलेली असतात. वाळू संपली म्हणून काम थांबलंय, असं पडद्यावर सहसा दिसत नाही. घरच्या कामात सर्वांत जास्त वेळ त्यातच जातो.

काही गोष्टींना मात्र माणसं वाढवून घाई करता येत नाही. सिमेंटच्या मसाल्यावर बसवलेल्या लादीवर निदान २४ ते ४८ तास पाय ठेवू नये आणि जड कुंड्या आठवडाभर ठेवू नयेत. काँक्रीटची ठरलेली ताकद २८ दिवसांची धरतात. हिरवळीच्या तयार पट्ट्यांना खाली मुळं धरायला दोन-तीन आठवडे लागतात. भरलेली माती पाऊस-पाण्याने खाली बसते, तिला काही महिने द्यावे लागतात. शेवटच्या दृश्यात सगळे त्याच संध्याकाळी त्या लाद्यांवरून, त्या हिरवळीवरून चालत असतील, तर तेवढं अनुकरण टाळावं.

३. पडद्यावर सांगतात तो खर्च खरा असतो का?

आकडा खोटा असतो असं नाही, तो अपुरा असतो. तो नेमका कशाचा आहे हे कार्यक्रम नेहमी स्पष्ट करत नाहीत. आकडा ऐकल्यावर पुढच्या गोष्टी त्यात धरल्या आहेत का ते पाहावं:

आराखडा करणाऱ्याचं मानधन. कामकऱ्यांची मजुरी, जी फरसबंदी, भिंती आणि पायऱ्यांच्या कामात अनेकदा सामानाइतकी किंवा त्याहून जास्त होते. खोदलेली माती आणि जुना मलबा उचलून नेण्याची गाडी. यंत्रांचं भाडं. वीजतंत्र्याचं काम. परवानगी लागत असेल तर तिचं शुल्क. आणि पहिल्या वर्षात मेलेल्या रोपांच्या जागी लावायची नवी रोपं.

यांतल्या पहिल्या दोन बाबी वगळून फक्त सामानाचा आकडा सांगितला, तरी ऐकणाऱ्याला तो पूर्ण बागेचा वाटतो. प्रेक्षकांची सर्वांत मोठी तक्रार हीच आहे आणि ती रास्त आहे. बागा बांधून देणाऱ्या व्यावसायिकांनाही तिचा त्रास होतो, कारण गिऱ्हाईक पडद्यावरचा आकडा मनात धरून येतं आणि खरा अंदाज ऐकून आपल्याला लुबाडलं जातंय असं त्याला वाटतं.

सामान कुणी सवलतीत किंवा फुकट दिलं असेल का, हाही प्रश्न येतो. त्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये व्यावसायिक वाहिन्यांवर पैसे घेऊन वस्तू दाखवायला फेब्रुवारी २०११ पासून मुभा मिळाली आणि तसं असेल तर पडद्यावर ‘पी’ हे चिन्ह दाखवावं लागतं. कुठलाही कार्यक्रम पाहताना शेवटची श्रेयनामावली वाचावी. सामान पुरवणाऱ्यांचे आभार तिथे मानलेले असतात.

४. मग माझ्या बागेचा अंदाज काढू कसा?

आधी मापं, मग पैसे. समजा ८० चौरस मीटरची बाग आहे: २० चौरस मीटर फरसबंदी, ३० हिरवळ, २५ वाफे, उरलेल्यात वाट आणि अवजारांची खोली.

फरसबंदीसाठी खाली १० सेंटिमीटर खडी-मुरमाचा थर, त्यावर ४ सेंटिमीटर मसाला, त्यावर ३ सेंटिमीटर जाडीची लादी. लादी जमिनीच्या पातळीला आणायची तर १७ सेंटिमीटर खोदावं लागतं. २० चौरस मीटरला ही माती ३.४ घनमीटर होते. खोदल्यावर ती फुगते, त्यामुळे उचलायची माती साधारण ४.४ घनमीटर धरावी. वजन साडेपाच टनांच्या आसपास. साठ लिटरच्या हातगाडीने सत्तरच्या वर फेऱ्या. एकट्या माणसाला मऊ मातीतही खोदण्या-वाहण्यालाच दीड-दोन दिवस लागतात. टीव्हीवर हे सगळं दहा सेकंदांत संगीताच्या तालावर उरकतं.

खडी-मुरूम ठोकल्यावर दबतो, म्हणून २ घनमीटरच्या थरासाठी अडीच घनमीटर मागवावा. लाद्या कापण्यात वाया जातात, त्या २२ चौरस मीटर घ्याव्यात. ब्रासच्या हिशेबाने सामान घेणाऱ्यांनी १ ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर धरावा.

वाफ्यांच्या २५ चौरस मीटरवर ५ सेंटिमीटर कंपोस्ट म्हणजे सव्वा घनमीटर, आणि लागवडीनंतर वर तेवढ्याच जाडीचं आच्छादन (माती झाकणारा पालापाचोळ्यासारखा थर) म्हणजे आणखी सव्वा घनमीटर. हा खर्च पहिल्यांदा अंदाज काढणारे हमखास विसरतात. दीड मीटर पसरणारी पाच झुडपं जवळजवळ ९ चौरस मीटर व्यापतात. उरलेल्या १६ चौरस मीटरला दर चौरस मीटरला पाच या हिशेबाने ८० लहान रोपं.

एवढी यादी हातात घेऊन दर विचारायला जावं. एकूण बेरजेवर १० ते १५ टक्के राखीव ठेवावेत. जमिनीखाली जुना पाया, दगड किंवा नळ निघाला तर ते तिथेच संपतात.

५. सगळ्या बागा सारख्याच का दिसतात? तोच डेक (लाकडी फळ्यांचा ओटा), तेच कारंजं, तीच रंगवलेली कुंपणं.

कारण खरा आराखडाकार मुदत असते. दोन दिवसांत जे पुरं होतं आणि पुरं झाल्याबरोबर चांगलं दिसतं, तेच निवडलं जातं. डेकला सुकायचा वेळ लागत नाही आणि खालची उंचसखल जमीन तो झाकून टाकतो. रंग दोन तासांत अख्खी भिंत बदलतो. गोट्यांतून उसळणारं छोटं कारंजं एका दुपारी बसतं आणि आवाजामुळे चित्रीकरणात जिवंत वाटतं. याउलट बियांपासून केलेली हिरवळ, लहान रोपांपासून वाढवलेली हिरवी भिंत, सुधारलेली माती यांत कॅमेऱ्याला दाखवायला पहिल्या वर्षी काहीच नसतं.

प्रेक्षकांनी याचा राग आराखडा करणाऱ्यावर काढू नये. त्यातले बरेच जण उत्तम माळी आहेत आणि मुदत नसेल तर वेगळीच बाग करतील. आपल्याला मुदत नाही, हा आपला फार मोठा फायदा आहे.

६. हे कार्यक्रम पाहून खरंच काही शिकता येतं, की नुसती करमणूक?

शिकता येतं, आणि पुष्कळ. लहान जागेत वाट तिरकी नेली की जागा मोठी वाटते, बसायची जागा घराला चिकटूनच असली पाहिजे असं नाही, एकाच झाडाची पाच रोपं एकत्र लावलेली पाच वेगवेगळ्या रोपांपेक्षा उठून दिसतात. या गोष्टी पुस्तकातल्या नकाशापेक्षा पडद्यावर पटकन समजतात. चाकाच्या खुर्चीवरून फिरणाऱ्यांसाठी रुंद, सपाट वाटा आणि उंच वाफे केलेले भाग तर आवर्जून पाहावेत. तशा वाटेला निदान १.२ मीटर रुंदी आणि १:१२ पेक्षा सौम्य उतार हवा, हे मात्र आपण टिपून ठेवावं.

पाहताना एक सवय लावावी: ‘नंतरचं’ दृश्य थांबवून त्यातली रोपं मोजायची आणि ती किती मोठी होणार हे शोधायचं. दोन-तीन भागांत नजर तयार होते.

७. कार्यक्रमात पाहून फरसबंदी केली. वर्षभरात लाद्या डुगडुगायला लागल्या आणि भिंतीपाशी पाणी साचतं. चुकलं कुठे?

जवळजवळ नेहमी खालच्या थरात. पडद्यावर लादी बसवतानाचं दृश्य असतं, थर ठोकतानाचं कापलेलं असतं. खडी-मुरूम एकदम १० सेंटिमीटर टाकून वरून ठोकला तर वरचा भाग घट्ट होतो आणि खालचा पोकळ राहतो. पाच-पाच सेंटिमीटरचे थर, प्रत्येकावर किंचित पाणी, आणि प्रत्येक थर धुम्मसाने किंवा यंत्राने वेगळा ठोकलेला हवा. दुसरी चूक म्हणजे लादीखाली मसाल्याचे पाच गोळे ठेवून ती दाबणं. मधल्या पोकळीत पाणी शिरतं, मुंग्या माती उकरतात आणि जड पाय पडला की लादी तडकते. मसाला पूर्ण लादीखाली पसरलेला असावा.

पाण्यासाठी उतार घरापासून दूर, १:८० ते १:६० ठेवावा. चार मीटर रुंद फरशीला १:८० म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ५ सेंटिमीटर. डोळ्याला तो दिसतही नाही, म्हणून अंदाजाने काढू नये. दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून सुतळी बांधावी आणि लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) पातळी पाहावी. घराच्या भिंतीत ओल अडवणारा थर असेल तर फरसबंदी त्याच्या निदान १५ सेंटिमीटर खाली थांबली पाहिजे.

जमीन सगळी झाकू नये. रस्त्याकडची बाग फरशीने बंद करण्यावर काही ठिकाणी नियमही आहेत. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २००८ पासून घरापुढच्या बागेत ५ चौरस मीटरपेक्षा जास्त जागा पाणी न जिरणाऱ्या फरशीने झाकायची आणि पाणी जिरवायची सोय करायची नाही, तर परवानगी लागते. तिथल्या कार्यक्रमातला आराखडा उचलताना आपल्याकडचा नियम आधी विचारावा.

८. लाकडी डेक करू की नको? कुणी म्हणतं सुंदर, कुणी म्हणतं दोन वर्षांत कुजतो.

दोन्ही खरं असू शकतं. ऊन लागणाऱ्या, वारा खेळणाऱ्या, थोड्या उतरत्या जागेत डेक उत्तम. उत्तर बाजूच्या सावलीत, झाडाखाली, दमट कोपऱ्यात करू नये. तिथे शेवाळ धरतं आणि पाय घसरतात. खाच पाडलेल्या फळ्या घसरत नाहीत हा समज चुकीचा आहे. खाचांत घाण साचली की त्याही घसरतात.

टिकाव तीन गोष्टींवर असतो. फळ्यांमध्ये ५ ते ८ मिलिमीटर फट, कारण ओलं लाकूड फुगतं. खाली मोकळी हवा, म्हणजे चारी बाजूंनी फळ्या ठोकून डेकचं पोट बंद करू नये. आणि कापलेल्या प्रत्येक टोकाला संरक्षक द्रावण, कारण कारखान्यात मुरवलेलं औषध लाकडाच्या गाभ्यापर्यंत पोचलेलं नसतं आणि कापल्यावर नेमका तोच गाभा उघडा पडतो. घाईच्या कामात हे तिसरं सुटतं आणि कुजायला सुरुवात टोकांपासूनच होते. साधारण २८ मिलिमीटरच्या फळीला खालच्या दांड्यांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत ४० सेंटिमीटर अंतर पुरतं. त्याहून जास्त ठेवलं की चालताना फळी लवते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत.

९. ते रोपं इतकी दाट लावतात, ते बरोबर आहे का?

कॅमेऱ्यासाठी बरोबर, बागेसाठी नाही. पूर्ण वाढल्यावर दीड मीटर पसरणारं झुडूप अर्ध्या मीटरवर लावलं तर एका झुडपाच्या जागेत नऊ बसतात. म्हणजे पैसेही नऊपट. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ती एकमेकांत घुसतात, खालची पानं झडतात, मधे हवा खेळत नाही आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी), मावा (रस शोषणारी कीड) यांचं फावतं. मग मालक वरून सरसकट छाटत राहतो आणि फुलं येत नाहीत.

झुडपं त्यांच्या पूर्ण पसाऱ्याच्या अंतरावरच लावावीत. मधली रिकामी जागा पहिली दोन वर्षं हंगामी फुलझाडांनी आणि आच्छादनाने भरावी. लहान बहुवर्षायू रोपं दर चौरस मीटरला पाच ते सात चालतात. जमिनीवर पसरणारी आणखी थोडी दाट लावली तरी हरकत नाही, उलट तण दबतं. हा खरा अपवाद आहे. दुसरा अपवाद हिरव्या कुंपणाचा: तिथे झाडं एकमेकांत मिसळायलाच हवी असतात.

फुललेलं रोप घ्यायचा मोहही टीव्हीनेच लावला आहे. भर फुलातलं रोप मुळं धरण्याऐवजी फुलांवर जोर खर्च करतं. कुंडीतून काढल्यावर मुळं गोल गुंडाळलेली दिसली तर ती हाताने मोकळी करून, गरज पडल्यास उभे दोन-तीन काप देऊन लावावीत. तशीच लावली तर वर्षभराने उपटून पाहिल्यावरही मुळांचा आकार कुंडीचाच निघतो.

१०. मोठं तयार झाड आणून उभं करतात. ते जगतं का?

जगू शकतं, पण किंमत आणि पाणी दोन्ही मागतं. मोठ्या झाडाला मूळ धरायला वेळ लागतो. थंड-समशीतोष्ण हवेत खोडाच्या दर अडीच सेंटिमीटर व्यासाला एक वर्ष असा ढोबळ हिशेब माळी करतात. लहान झाड पुष्कळदा काही वर्षांत त्याला गाठतं.

खड्डा मुळांच्या गड्ड्याइतकाच खोल आणि दोन-तीनपट रुंद असावा. खोडाचा बुंधा जिथे रुंद होऊन मुळांकडे वळतो तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. तो पुरला तर झाड मरायला काही वर्षं लागतात, म्हणून कारण कुणाच्या लक्षात येत नाही. आळं करून आठवड्याला निदान २० ते ४० लिटर पाणी, उन्हाळ्यात जास्त, निदान दोन वर्षं. आधाराची काठी खोडाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शातच बांधावी आणि एक-दोन वर्षांत काढून टाकावी. झाड वाऱ्यात हललं तरच खोड जाड होतं.

११. पट्ट्यांची हिरवळ काही आठवड्यांत पिवळी पडली. कृत्रिम लावली तर?

आधी खरी हिरवळ. पट्टे आणल्यापासून गरम हवेत २४ तासांत पसरले गेले पाहिजेत, गुंडाळीत ते आतून तापतात. खालची माती १५ ते २० सेंटिमीटर भुसभुशीत करून, सपाट करून, पायाने दाबून घेतलेली असावी. सांधे विटांसारखे सरकवून बसवावेत. पहिल्या पाण्यात दर चौरस मीटरला १० ते १५ लिटर लागतात, म्हणजे ३० चौरस मीटरला ३०० ते ४५० लिटर. वरवर फवारा मारला तर पट्टा भिजतो आणि खालची माती कोरडी राहते. एक कोपरा उचलून पाहावा. पहिले दोन-तीन आठवडे माती ओलसर ठेवावी आणि चालू नये. दिवसाला चार तासही ऊन नसेल तर हिरवळीचा नाद सोडून सावलीत पसरणारी झाडं लावावीत.

कृत्रिम हिरवळ उन्हात खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापते, खालची माती निर्जीव होते आणि शेवटी ते प्लॅस्टिकच उरतं. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२२ मध्ये लंडनच्या प्रसिद्ध चेल्सी पुष्पप्रदर्शनासह आपल्या प्रदर्शनांत तिच्यावर बंदी घातली. आमचं मतही लावू नये असंच आहे.

१२. कारंजं किंवा छोटं तळं बसवताना काय विसरतात?

वीज आणि बाष्पीभवन. बाहेरच्या पंपाला ३० मिलिॲम्पिअर वीजगळती होताच पुरवठा तोडणारं उपकरण असलंच पाहिजे, आणि जोडणी परवानाधारक वीजतंत्र्याकडूनच करावी. उन्हाळ्यात पाणी रोज कमी होतं. पंप कोरडा चालला की जळतो. म्हणून खालची टाकी जितकी मोठी तितकं बरं.

तळ्याच्या अस्तराचं माप असं काढावं: लांबीत दोनदा खोली आणि दोन्ही कडांना ३० सेंटिमीटर मिळवायचे, रुंदीचंही तसंच. २ मीटर लांब, दीड मीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल तळ्याला ३.८ × ३.३ मीटर अस्तर लागतं. साचलेल्या पाण्यात डास होतात, पाणी हलतं ठेवावं किंवा मासे सोडावेत. घरात लहान मूल असेल तर उघडं तळं करूच नये, कितीही उथळ असलं तरी. गोट्यांखाली लपवलेली टाकी आणि वर मजबूत जाळी हा पर्याय टीव्हीने लोकप्रिय केला आणि तो खरोखर चांगला आहे.

१३. खडीखाली काळं कापड अंथरलं तरी तण का येतं?

कारण तण वरून येतं. पानं कुजून खडीत मातीचा थर बनतो आणि वाऱ्याने आलेलं बी त्यात रुजतं. मुळं कापडात विणली जातात, मग उपटताना कापडही वर येतं. वाटेखाली कापड ठीक आहे. वाफ्यात घालू नये, तिथे ते माती सुधारण्याची वाटच बंद करतं. खडी निदान ५ सेंटिमीटर टाकावी आणि पडलेली पानं वेळच्या वेळी झाडून काढावीत.

१४. कुंपणाला गडद रंग दिला तर चालेल का?

चालेल. गडद रंगापुढे पानं उठून दिसतात. पण दर तीन ते पाच वर्षांनी पुन्हा रंगवावं लागेल, आणि तोवर वेल चढलेले असतील. वेलांसाठी तारा कुंपणापासून पाच सेंटिमीटर पुढे, काढता येतील अशा बांधाव्यात.

१५. दोन आराखडे समोर असतील तर निवडायचं कशावर? चित्रं तर दोन्ही सुंदर असतात.

चित्र बाजूला ठेवून जमिनीला विचारावं. सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता बागेत कुठे ऊन, कुठे सावली हे कागदावर काढावं. बसायची जागा आपण ज्या वेळी बसणार त्या वेळच्या उन्हा-सावलीशी जुळते का? मग निचरा पाहावा: ३० सेंटिमीटर लांब, रुंद, खोल खड्डा पाण्याने भरून जिरू द्यावा, पुन्हा भरावा आणि पातळी मोजावी. तासाला अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरलं तर निचरा वाईट. कोरड्या जमिनीची झाडं दाखवणारा आराखडा तिथे फसतो.

त्यानंतर प्रत्येक आराखड्यात किती टक्के जागा बांधकामाची आणि किती झाडांची ते मोजावं. बांधकामाची जास्त असेल तो आज महाग पडतो. झाडांची जास्त असेल तो दर आठवड्याला वेळ मागतो. आपल्याकडे काय आहे, पैसा की वेळ? प्रेक्षकांमध्ये ‘दुसराच आराखडा चांगला होता’ हा वाद नेहमी रंगतो आणि बहुतेक वेळा तो या एका उत्तरावर अडलेला असतो.

१६. ‘देखभाल लागत नाही’ अशी बाग असते का?

नसते. देखभाल कमी करता येते: वाफ्यांवर दरवर्षी ५ ते ७ सेंटिमीटर आच्छादन (खोडापासून थोडं दूर), हिरवळीऐवजी झुडपं, कुंड्या मोजक्या पण मोठ्या. कुंड्यांना उन्हात रोज पाणी लागतं. दोन डझन कुंड्यांची बाग बघायला लहान, पण राबवायला सर्वांत कष्टाची.

१७. मालकाला अचानक बाग दाखवणारे भाग पाहून घरच्यांसाठी असंच करावंसं वाटतं. करावं का?

फरसबंदी किंवा झाडतोड त्यांना न विचारता करू नये. कुणाचा जीव कुठल्या झाडात गुंतलेला आहे हे बाहेरून कळत नाही. अशा भागांवर प्रेक्षक नाराज होतात ते याच कारणाने. आराखड्याची भेट द्यावी आणि काम त्यांच्यासोबत करावं. काहीही असो, जमिनीत पाइप किंवा तार टाकली की चर बुजवण्यापूर्वी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावा. पुढच्या खोदकामात तो फोटो फार उपयोगी पडतो.

१८. गच्चीवर टीव्हीसारखी बाग करता येईल का?

वजनाचा हिशेब झाल्याशिवाय नाही. भिजलेली माती घनमीटरला १.८ ते २ टन भरते. ३० सेंटिमीटरचा थर म्हणजे दर चौरस मीटरला ५४० ते ६०० किलो, बहुतेक घरांच्या गच्च्या यासाठी बांधलेल्या नसतात. आधी संरचना अभियंत्याला दाखवावं. हलकं मिश्रण, भिंतीच्या आणि तुळईच्या रेषेवर ठेवलेल्या मोठ्या कुंड्या, आणि त्यांच्याखाली पाणी वाहून जाईल एवढी उंची हा साधा मार्ग. जमिनीवरचा आराखडा गच्चीवर तसाच उतरवता येत नाही.

१९. घर भाड्याचं आहे. काहीच करू नये का?

उचलून नेता येईल ते करावं: कुंड्या, सुटे बाक, सुट्या चौकटींवरचे वेल. जमिनीत घातलेला पैसा घरमालकाकडे राहतो. त्याची लेखी संमती असल्याशिवाय खोदू नये.

२०. कायापालट होऊन तीन वर्षं झाली, बाग बिघडत चाललीय. दुरुस्ती कुठून सुरू करू?

पाण्यापासून. मोठ्या पावसात छत्री घेऊन बाहेर उभं राहावं आणि पाणी कुठे थांबतं, कुठे वाहतं ते खडूने किंवा खुंट्यांनी खुणावं. चर, उतार, तुंबलेली गटारं आधी दुरुस्त करावीत. मग डुगडुगणाऱ्या लाद्या उचलून खालचा थर पुन्हा ठोकावा (प्रश्न ७), डेकची एक फळी काढून दांडे सुरीच्या टोकाने टोचून पाहावेत. पातं सहज आत गेलं तर लाकूड कुजलं आहे.

झाडांना हात शेवटी लावावा आणि तोही सगळ्यांना एकदम नाही. दाटीतली एकाआड एक झुडपं हलवायची असतील तर ती वाढ थांबलेल्या काळात, आदल्या दिवशी भरपूर पाणी देऊन, फांद्यांच्या घेराइतका गड्डा शक्य तेवढा अखंड ठेवून काढावीत. नवी जागा आधी खणून तयार असावी. मुळं उघडी राहतात ती मिनिटं मोजकी असली पाहिजेत. हलवलेल्या झुडपाला पहिल्या उन्हाळ्यात नव्या रोपासारखंच पाणी द्यावं, ते जुनं आहे म्हणून सोडू नये.